स्वस्तातला पोर्टेबल प्रोजेक्टर घ्यायचाय? आधी खोलीतला उजेड मोजा

मी कोथरूडला घरीच आठवी, नववी, दहावीचे विज्ञानाचे क्लास घेते. एका बॅचला बारा-चौदा मुलं, हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला की तोच आमचा वर्ग. दोन वर्षं लॅपटॉपच्या १५ इंची स्क्रीनभोवती मुलं गोळा करून पेशींचे, पानांच्या छेदांचे फोटो दाखवत होते, मागच्यांना उठून पुढे यायला लागायचं आणि त्यात पाच-सात मिनिटं सहज जायची. म्हणून प्रोजेक्टर घ्यायचं ठरवलं. बजेट २० हजारांच्या आत, शनिवारी मी धायरीला मैत्रिणीच्या क्लासला शिकवायला जाते त्यामुळे पिशवीत घालून नेता आला पाहिजे, आणि रात्री घरच्यांना मॅच, सिनेमा बघता आला तर फारच छान. आता साडेतीन महिने रोज वापरतेय, त्याआधी एक चुकीचा घेऊन परत पण केलाय, त्यामुळे जे जे कळलं ते सगळं लिहिते.

पहिला जून २०२५ मध्ये ऑनलाइन मागवला, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात. साडेपाच हजार रुपये, डब्यावर ९००० लुमेन्स (म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचा आकडा), २०० इंच, फुल एचडी सपोर्ट, रिव्ह्यू पण चांगले होते. रात्री बेडरूममध्ये लावला तर सगळे खूश, मुलगा तर उड्याच मारायला लागला, मी मनात म्हटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी पाच वाजता हॉलमध्ये बॅच बसली, पडदे ओढले, ट्यूब बंद केली, प्रोजेक्टर सुरू केला आणि भिंतीवर काही म्हणजे काही धड दिसेना. पर्णरंध्राचा फोटो फिकट हिरव्या डागासारखा. समीकरणात अक्षराच्या खाली लहान आकडे असतात ना, दोन की तीन, ते पुढच्या रांगेतल्या मुलीला पण कळत नव्हते. चित्राच्या मधे फोकस केला की कडा धूसर, कडांना केला की मधलं धूसर. सात दिवसांच्या आत होता म्हणून परत गेला, पैसे मिळाले, पण दोन बॅचेसचा वेळ गेला त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मग नीट अभ्यास केला. ही जी डब्यावरची हजारांतली लुमेन्स असतात ना, त्यांच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. आतल्या एलईडीचा कच्चा उजेड किती, यावरनं कुणी आकडा लावतो, कुणी काहीच न मोजता लावतो. भिंतीवर प्रत्यक्षात किती उजेड पोचतो ते सांगणारा आकडा म्हणजे ॲन्सी लुमेन्स, काही कंपन्या आयएसओ लुमेन्स लिहितात, तोही चालतो. दोन्हींत मोजायची पद्धत ठरलेली आहे. फरक किती पडतो त्याचं एक उदाहरण देते. सॅमसंगचा फ्रीस्टाइल म्हणून छोटा गोल प्रोजेक्टर २०२२ मध्ये आला, ८३० ग्रॅम वजन, तेव्हा किंमत भरपूर होती. त्याचा उजेड एलईडी लुमेन्समध्ये ५५० आणि ॲन्सीमध्ये २३०. एकच मशीन, एकच दिवा, आकडे दोन. एवढ्या मोठ्या कंपनीचा महागडा प्रोजेक्टर २३० ॲन्सीचा असेल तर साडेपाच हजाराचा ९००० कसा असेल, हा विचार मी खरंतर मागवायच्या आधीच करायला हवा होता.

दुसरी गोष्ट, जी मी विज्ञानाची शिक्षिका असून आधी लक्षात घेतली नाही, ती ही की प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. चित्रात जिथे काळं आहे तिथे तो उजेड टाकत नाही एवढंच, आणि तिथे तुमच्या भिंतीवर खोलीचा जो काही उजेड आधीच पडलेला असतो तोच दिसतो. म्हणजे चित्रातला सगळ्यात काळा भाग तुमच्या भिंतीपेक्षा जास्त काळा कधीच होणार नाही. म्हणून प्रोजेक्टर किती चांगला हे अर्धं तुमच्या खोलीवर ठरतं.

अँड्रॉइड फोनमध्ये वरच्या बाजूला उजेडाचा सेन्सर असतो, लक्स (म्हणजे एका चौरस मीटरवर किती लुमेन्स पडतात तो आकडा) दाखवणारं फुकटचं ॲप टाकलं की उजेड मोजता येतो. अगदी प्रयोगशाळेसारखा अचूक नाही, पण आपल्याला अंदाज हवाय, तेवढं काम होतं. मी माझ्या हॉलची भिंत मोजली. ट्यूब चालू असताना ११०च्या आसपास, संध्याकाळी पाचला ट्यूब बंद आणि नेहमीचे पातळ पडदे ओढलेले तर ९०, आणि आईकडनं आणलेले जाड सतरंजीसारखे पडदे लावल्यावर १२. नुसत्या पडद्याने ९०चे १२ झाले! आता हिशोब करा. ८० इंची चित्र, म्हणजे ज्याचा कर्ण ८० इंच, ते साधारण १.७७ मीटर रुंद आणि १ मीटर उंच, क्षेत्रफळ १.७७ चौरस मीटर. खऱ्या ८० लुमेन्सचा प्रोजेक्टर त्यावर सरासरी ४५ लक्स टाकणार. भिंतीवर आधीच ९० आहेत, म्हणजे पांढरं १३५ आणि काळं ९०, जेमतेम दीडपट, कसं दिसणार? तेच ३०० लुमेन्सचा प्रोजेक्टर घेतला, चित्र ६० इंची केलं आणि पडदे जाड लावले तर पांढरं ३१२ आणि काळं १२, म्हणजे २६ पट. वाचायला एकदम स्वच्छ. त्यामुळे पहिले पैसे पडद्यांवर घाला असं माझं ठाम मत आहे. मी नंतर मागच्या बाजूला लेप असलेलं ब्लॅकआउटचं कापड घेऊन दोन खिडक्यांना शिवून घेतलं, शिलाई धरून अडीच हजारांत झालं, आणि प्रोजेक्टरवर आणखी दहा हजार घालून जे मिळालं नसतं ते मिळालं.

सप्टेंबरमध्ये दुसरा घ्यायला गेले तेव्हा यावेळी डोळ्यांनी बघूनच घ्यायचा हे पक्कं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तोवर मुद्दाम थांबले होते. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर १८ टक्केच लावलाय ना ते बघून घ्या आणि पक्कं बिलच घ्या, वॉरंटीला तेच लागतं. आनंदनगरला मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरले आणि तिथनं चालत तपकीर गल्ली. गाडी घेऊन तिकडे जाऊच नका, लावायला जागा मिळत नाही आणि हातात डबा घेऊन त्या गर्दीतनं पार्किंगपर्यंत चालणं नको होतं. इलेक्ट्रिकचं, लायटिंगचं, साउंडचं, सगळं त्या दोन-तीन गल्ल्यांत आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे चालू करून दाखवतात.

मी पेनड्राइव्हवर स्वतःचं सामान नेलं होतं. दहावीच्या पुस्तकासारखं बारीक अक्षरांत टाइप केलेलं एक पान, त्यात चारही कोपऱ्यांत मुद्दाम जोडाक्षरं टाकलेली, द्रव्य, ऊर्ध्व, क्ष-किरण, स्फटिक अशी. एक पूर्ण पांढरं चित्र, एक पूर्ण काळं. रात्रीच्या वेळी गच्चीवरनं काढलेला आमच्या सोसायटीचा फोटो. आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरतो असा मीच काढलेला व्हिडिओ. हे एवढं सगळ्यांनी न्यावं असं मी म्हणेन, कारण दुकानातला डेमो व्हिडिओ म्हणजे रंगीत पोपट, समुद्र, फुलं, ते कुठल्याही प्रोजेक्टरवर भारीच दिसतं. खरं काय ते पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षरात कळतं.

पहिल्या दुकानात काउंटरवरच दाखवलं, भर उजेडात, काही कळलं नाही. दुसऱ्या दुकानात पोटमाळ्यावर काळे पडदे लावून छोटी खोलीच केलेली होती. तिथल्या काकांनी एकापाठोपाठ चार मॉडेल लावून दाखवली आणि अंधारात चारही छान दिसली, बारा हजाराचं आणि वीस हजाराचं यात मला फारसा फरकच कळेना. मग मी म्हटलं काका, आता ट्यूब लावा. ते म्हणाले, "ताई, ट्यूब लावली तर यातले दोन तुम्हाला दिसणारच नाहीत, आधीच सांगतो." लावली तर खरंच दोन गेले. उरलेल्या दोघांत मी पान लावलं. एकाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात 'ऊर्ध्व'चा रफार दिसेना, रफार आणि धचा व एकमेकांत मिसळून नुसता काळा ठिपका. काकांनी फोकस फिरवला तर तो सुधारला आणि डावीकडचा 'क्ष' गेला. चौथ्यावर चारही कोपरे वाचता आले, अगदी धारदार नाही म्हणणार, कोपरे थोडे मऊ आहेतच, पण वाचता आले. तोच घेतला. १७,८०० रुपयांत, बिलासकट.

कंपनीचं नाव मी देत नाहीये त्याचं कारण आहे. या किमतीतले बरेच प्रोजेक्टर चीनमधल्या मोजक्या कारखान्यांत बनतात आणि तेच मशीन वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, चार महिन्यांनी त्याच नावाखाली आतला माल बदललेला असू शकतो. त्यामुळे नाव लक्षात ठेवण्यापेक्षा काय बघायचं ते लक्षात ठेवलेलं बरं. माझ्यावर लिहिलेलं आहे ४०० ॲन्सी, नेटिव्ह १०८०पी, सीलबंद ऑप्टिकल इंजिन, ऑटोफोकस, वजन दीड किलोच्या आसपास.

यातलं 'नेटिव्ह' नीट समजून घ्या, इथे बरेच लोक फसतात. १०८०पी सपोर्ट किंवा ४के सपोर्ट लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तो व्हिडिओ तो घेतो आणि स्वतःच्या कमी ठिपक्यांत बसवून दाखवतो. आतल्या पॅनेलवर खरोखर किती ठिपके आहेत ते म्हणजे नेटिव्ह. माझ्या पहिल्याचे होते ८०० गुणिले ४८०, म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास, आणि खऱ्या १०८०पीचे असतात १९२० गुणिले १०८०, वीस लाखांच्या वर. नुसता सिनेमा बघायचा असेल तर १२८० गुणिले ७२० वाला पण चालून जातो, पण तुम्हाला अक्षरं वाचायचीयत, एक्सेल दाखवायचंय, मुलांना शिकवायचंय तर १०८०पीच्या खाली जाऊ नका. देवनागरीला तर जास्तच गरज आहे, मात्रा-वेलांट्या-रफार सगळं बारीक असतं, इंग्रजी अक्षर अंदाजाने तरी वाचता येतं.

सीलबंद इंजिनाचं पण सांगते. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये आत एकच एलसीडी पॅनेल असतं आणि ते गरम होतं म्हणून पंख्याची हवा त्याच्यावरनं जाते. उघडं असेल तर हवेबरोबर धूळ जाते आणि भिंतीवर राखाडी डाग दिसायला लागतात, आणि ते आतनं असल्यामुळे लेन्स कितीही पुसली तरी जात नाहीत. आपल्याकडे आत्ता प्रत्येक रस्त्यावर एक तरी बिल्डिंग पाडून नवीन बांधतायत, आमच्या समोर पण तेच चालू आहे, सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. अशा हवेत उघड्या इंजिनाचा घेऊच नका. सीलबंद असूनही मी वापरून झाल्यावर गार होऊ देते आणि मग पिशवीत ठेवते, लेन्सवर फुंकर मारत नाही, कॅमेऱ्याचा तो रबरी फुगा मिळतो त्याने धूळ उडवते.

दिवाळीच्या सुट्टीत दहावीच्या मुलांबरोबर एक प्रयोग केला, तो मला या सगळ्यात फार आवडलेला भाग. ॲन्सी लुमेन्स मोजायची मूळ कल्पना सोपी आहे, पूर्ण पांढरं चित्र टाकायचं, त्याचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्स मोजायचे, सरासरी काढायची आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. आणि यात एक सोय आहे, ६० इंची चित्र १.३३ मीटर गुणिले ०.७५ मीटर असतं, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ बरोब्बर १ चौरस मीटर. म्हणजे ६० इंची चित्रावर जी सरासरी येईल तीच लुमेन्स, गुणाकार पण नको. रात्री आठला सगळे दिवे बंद केले, मुलांनी भिंतीवर पेन्सिलने बारीक खुणा केल्या, एकाने फोन धरायचा, सावली पडू नये म्हणून बाजूला उभं राहून, दुसऱ्याने आकडा वाचायचा, तिसऱ्याने लिहायचा. मधे आले ३९०. डाव्या-उजव्या बाजूंना ३४० आणि ३३५, वर ३१०, खाली ३२५, आणि चार कोपऱ्यांत २६०, २५५, २७०, २४५. सरासरी ३०३. एका मुलाने लगेच विचारलं, "मॅडम, मग ४०० का लिहिलंय?" दुसरी म्हणाली नुसतं मधलंच मोजलं असेल, म्हणून तसं आलं. तिचं म्हणणं मला पटलं, मधला आकडा ३९० होता ना. त्यात आपला फोन पण थोडा कमीजास्त दाखवत असेल हेही त्यांना सांगितलं. मग माझ्या मावसभावाचा सहा हजारवाला आणून तसाच मोजला, त्याच्या डब्यावर १२,००० लिहिलंय, सरासरी आली ८५. त्या दिवशी मुलांना सरासरी, क्षेत्रफळ, प्रकाशाची तीव्रता हे सगळं एका भिंतीवर कळलं. लिहिलेल्या ४००चे ३०० मिळाले म्हणून मी नाराज नाहीये, या किमतीत ते चांगलेच आहेत, फक्त घेताना लिहिलेल्या ॲन्सीतून पण पाव भाग वजा करूनच हिशोब करा.

आता जागेचं. माझा साधारण १.२५ थ्रो रेशोचा आहे, म्हणजे चित्र जेवढं रुंद हवं त्याच्या सव्वापट अंतरावर ठेवायचा. ८० इंचाला सव्वादोन मीटर, साधारण सव्वासात फूट, आणि १०० इंचाला पावणेतीन मीटर, नऊ फूट. आपल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये मधे सोफा, टीपॉय धरून हे अंतर निघतं का ते टेपने मोजून मगच जा. दोनशे इंच वगैरे विसरा, उजेड तोच राहतो आणि तेवढ्या मोठ्या जागेवर पसरतो, इंच दुप्पट केले की उजेड पाव होतो. मी क्लासला ६० आणि रात्री घरी ८० वापरते, १०० फक्त पूर्ण अंधार असेल तर.

ऑटो कीस्टोन म्हणजे तिरका ठेवला तरी चित्र आपोआप सरळ, याची फार जाहिरात करतात. सोय आहे नक्की, पण तो सरळ करतो म्हणजे पॅनेलवरचा काही भाग वापरायचा सोडून देतो, ठिपके कमी होतात, उजेड कमी होतो आणि अक्षरं लगेच मऊ होतात. चित्राभोवती एक फिकट राखाडी चौकट पण दिसते, अंधारात ती खुपते. त्यापेक्षा प्रोजेक्टर चित्राच्या मध्याच्या उंचीवर, भिंतीसमोर सरळ ठेवता आला तर सगळ्यात छान. मी स्वयंपाकघरातलं उंच स्टूल आणि त्यावर दोन जाडी पुस्तकं ठेवते आणि कीस्टोन पूर्ण बंद. नंतर हजार रुपयांचा ट्रायपॉड घेतला, खाली स्क्रूचं भोक आहे का ते घेताना बघा.

ओटीटीचं सगळ्यांना विचारायचं असतं. यात अँड्रॉइड आहे, यूट्यूब छान चालतं, पण बऱ्याच स्वस्त प्रोजेक्टरमधल्या अँड्रॉइडला नेटफ्लिक्सची मान्यता नसते, मग ॲप उघडत नाही किंवा चित्र कमी दर्जाचं येतं. फोनवरनं मिररिंग केलं तर आवाज येतो आणि चित्र काळं, तो बिघाड नाही, कॉपी होऊ नये म्हणून केलेली सोय आहे. सरळ एक स्ट्रीमिंग स्टिक घ्या आणि एचडीएमआयला लावा, आणि तिला वीज तिच्याच ॲडॉप्टरवरनं द्या, प्रोजेक्टरच्या यूएसबीवर लावली तर आमची मधेच बंद व्हायची. आतलं अँड्रॉइड दोन वर्षांत जुनं होईल पण स्टिक बदलता येते, त्यामुळे प्रोजेक्टर निवडताना आतल्या ॲप्सना मी शून्य महत्त्व देईन.

आवाज ठीक. बारा मुलांच्या खोलीत पुरतो पण पंख्याचा घूं आवाज शांत प्रसंगात ऐकू येतो, सासूबाईंना तो खुपला म्हणून आम्ही स्पीकर जोडतो. ब्लूटूथवर ओठ आणि आवाज थोडे मागेपुढे होतात, वायरवर होत नाही, म्हणून ३.५ एमएमचं भोक असलेलाच घ्या.

'पोर्टेबल' शब्दाचा अर्थ पण दुकानात विचारून घ्या. बहुतेकांत बॅटरी नसते, पोर्टेबल म्हणजे फक्त हलका. माझ्यात नाहीये. हा साधारण ७० वॉट घेतो, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, लाईट गेली तरी बॅच थांबत नाही. बॅटरीवाले मिळतात, पण बॅटरीवर चालताना बरेचसे उजेड कमी करतात आणि तेवढ्याच पैशात मूळ उजेडही कमी मिळतो. टाइप-सीवरनं चालणारा असेल तर लॅपटॉपवाली पॉवरबँक चालते, पण २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, ६० वॉटच्या प्रोजेक्टरला तास-सव्वातास पण कष्टाने.

माझ्या भावाला हिंजवडीत त्याच्या छोट्या ऑफिससाठी हवा होता, दिवे लावून मीटिंग घ्यायची, आकड्यांचे तक्ते दाखवायचे. त्याला मी हा घेऊ दिला नाही. दिवे लावून वापरायचा असेल तर खरे ३,००० लुमेन्स तरी पाहिजेत, ते एपसन, बेनक्यूसारख्यांचे ऑफिसवाले मॉडेल, किंमत आणि वजन दोन्ही दुप्पट किंवा जास्त. एपसनच्या थ्री-एलसीडीमध्ये, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्याला वेगळं पॅनेल असतं त्यात, रंगांचा उजेड पांढऱ्याएवढाच असतो. डीएलपीचं, म्हणजे पॅनेलऐवजी बारीक आरशांनी चित्र पाडणाऱ्या प्रोजेक्टरचं, चित्र धारदार असतं पण काहींना डोळा हलवला की कडांना इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात, माझ्या वहिनीला दिसतात, मला दिसत नाहीत, म्हणून ज्यांना रोज बघायचंय त्यांनी स्वतः बघूनच ठरवावं. शेवटी त्याने एक जागा ठरलेली आहे म्हणून ४३ इंची टीव्हीच घेतला आणि बरोबर केलं. दिवसा, उजेडात, एकाच भिंतीवर बघायचं असेल तर त्याच पैशात टीव्ही कितीतरी चांगला दिसतो. आणि वर्षातनं दोन-तीनदाच लागणार असेल, गणपतीत किंवा वाढदिवसाला, तर भाड्याने आणा, दिवसाच्या भाड्यात मोठा उजेडाचा मिळतो.

तक्रारी माझ्या दोन. ऑटोफोकस मधेच स्वतःहून सुरू होतो, शिकवता शिकवता अक्षरं धूसर होऊन परत येतात, सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्यावर थांबलं. आणि सर्व्हिस सेंटर पुण्यात नाही, बिघडला तर कुरिअर करायला लागणार हे मला घेतल्यानंतर कळलं. दुकानातल्या काकांनी आम्ही पाठवून देऊ म्हटलंय, पण तुम्ही आधीच विचारा. एलईडीचं आयुष्य २०-३० हजार तास सांगतात, रोज चार तास धरले तर २० हजारालाच तेरा वर्षांच्या वर होतात, त्याआधी पंखा किंवा पॅनेलच जाईल, म्हणून वॉरंटी दिव्याची बघू नका, पूर्ण मशीनची बघा.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर नेला होता, घेऊन दोनच आठवडे झालेले. दोन बांबूंना पांढरी डबल बेडची चादर बांधली, खालनं कपड्यांचे चिमटे आणि कडेला विटा, तरी वारा आला की चित्र फुगायचं. समोरच्या बांधकामावरचा मोठा दिवा सरळ चादरीवर येत होता, पहिली दहा मिनिटं सगळे चेहरे फिकट. मग नवऱ्याने आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी चादर नव्वद अंशात फिरवली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, आणि एकदम रंग भरले. चाळीस माणसं, ८० इंची चित्र, सोसायटीतल्या जुन्या गणपतीचे फोटो एकामागोमाग एक. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, ते एका फोटोत ढोलाशेजारी उभे होते, आजी म्हणाल्या हा जरा थांबव गं. मी थांबवला. दुधाचे पेले तसेच हातात धरून सगळे थांबले.